भोंगा, रविवार आणि बारा तास

आपल्या मंडळाच्या एकांकिकेची तालीम श्रावण लागला की सुरू होते. रात्री साडेआठला सगळे जमतात, चहा होतो, आणि मग कुठे पहिला प्रवेश सुरू होतो. यंदा मात्र एक पात्र वेळेवर येईना. मुलगा आपल्यातलाच, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला. विचारले तर म्हणाला, "काका, बारा तासांची पाळी आहे. सकाळी सातला आत, संध्याकाळी सातला बाहेर. घरी येऊन जेवलो की डोळेच मिटतात. रविवारी ठेवा ना तालीम."

रविवारी ठेवली. त्या दिवशी चहा पिताना मंडळातले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "रविवार बरा दिला हो इंग्रजांनी! तेवढे एक पुण्य त्यांच्या खात्यावर." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. सरकारी कचेऱ्यांचा रविवार इंग्रजांमुळे आला, हे खरे. मीही राज्य सरकारचा नोकर असल्याने तो रविवार मलाही आयताच मिळाला आहे. कारखान्यातल्या माणसाचा रविवार मात्र असा कुणी दिलेला नाही. तो मागावा लागला आणि तो मागणारा एक मराठी माणूस होता. त्याच्याही आधी "कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा हवी की नको" यावर पंधरा वर्षे भांडण चालले. मालक काय म्हणत होते, वर्तमानपत्रे काय म्हणत होती, आणि ज्याच्या अंगावर ते तास पडत होते तो काय म्हणत होता, याची ही हकीकत.

सूर्य उगवला की आत, मावळला की बाहेर

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी चालू झाली. पुढच्या वीस वर्षांत मुंबईच्या आकाशात धुराड्यांची रांग उभी राहिली. या गिरण्यांत राबायला माणसे आली ती बहुतेक रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून. पाऊस दगा देई, जमिनीचे तुकडे पडलेले असत, सावकाराचे देणे असे. घरचा एक तरी माणूस मुंबईत असला की गावाकडे चूल पेटे.

तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे कामाचे तास घड्याळावर ठरत नसत, सूर्यावर ठरत. उजाडले की यंत्र सुरू आणि अंधारले की बंद. हिवाळ्यात दहा-अकरा तास भरत, उन्हाळ्यात तेरा-चौदा. मधल्या सुट्टीची ठरलेली वेळ नव्हती. यंत्र चालूच असे, आणि शेजारच्याला आपल्या साच्यावर लक्ष ठेवायला सांगून कोपऱ्यात भाकरी खायची. रविवार म्हणजे सुट्टी असेही नव्हते, कारण यंत्रे पुसायला बऱ्याचदा त्याच दिवशी बोलावत. सणावारी गिरणी बंद राही तेवढीच विश्रांती. पगार महिना संपल्यावर बरेच दिवस रखडे आणि तोवर वाणी उधारीवर व्याज लावी. या कामात सात-आठ वर्षांची मुलेही होती.

लँकेशायरचे प्रेम

या मुलांची आणि बायकांची काळजी पहिल्यांदा मोठ्या आवाजात व्यक्त झाली ती इंग्लंडमध्ये. ती करणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक होते.

पहिल्या प्रकारात लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्यासारखे लोक. इंग्लंडमधल्या गिरण्यांत लहान मुले राबत होती, तेव्हा त्यांच्यासाठी संसदेत वर्षानुवर्षे भांडलेला हा माणूस. तिथेही मालकांनी कायद्याला कडाडून विरोध केला होता. १८३७ साली नासाऊ सीनियर नावाच्या ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञाने हिशेब मांडला होता की गिरणीचा सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासातच निघतो. तो तास कापला की नफा संपला आणि धंदाही बुडाला. तरीही १८४७ मध्ये बायका आणि किशोरवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा झाला. लँकेशायर काही बुडाले नाही. उलट त्यानंतरही त्याने जगाला कापड पुरवले. शाफ्ट्सबरींनी १८७५ साली हिंदुस्थानातल्या गिरण्यांचा प्रश्न लॉर्डांच्या सभागृहात काढला, तो या पूर्वपुण्याईवर.

दुसऱ्या प्रकारात खुद्द लँकेशायरचे गिरणीमालक. मुंबईचे सूत चीनच्या बाजारात जाऊ लागले होते आणि हिंदुस्थानातला जाडाभरडा कापडाचा बाजारही हातचा जाईल अशी भीती त्यांना वाटू लागली होती. ज्यांनी आपल्या घरी दहा तासांच्या कायद्याला विरोध केला, त्यांच्याच पुढच्या पिढीला आता मुंबईच्या कामगाराचा कळवळा आला. हेच लोक त्याच वेळी विलायती कापडावरची आयात जकात उठवा म्हणून ओरडत होते, आणि १८८२ मध्ये ती उठलीही. पुढे १८९६ साली तर आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवण्यात आली. तेव्हा या प्रेमामागे स्वार्थ होता, असा संशय आपल्या लोकांना आला यात चूक काहीच नव्हती.

आमच्या गिरणीत सगळे आलबेल आहे

मुंबई सरकारने १८७५ साली चौकशी आयोग नेमला. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांची संघटनाही उभी राहिली. आयोगावर गिरणीधंद्याशी संबंधित मंडळींचा भरणा होता. त्यामुळे बहुमताने निकाल दिला की कायद्याची गरज नाही. त्या वेळी आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मालकांनी जे मुद्दे मांडले ते एकत्र पाहण्यासारखे आहेत.

एक, हा कायदा मँचेस्टरचे कारस्थान आहे. दोन, आपला धंदा अजून रांगतो आहे, त्याच्या पायात बेडी घालू नका. तीन, आपला कामगार विलायती कामगारासारखा सलग राबत नाही. तो मध्येच विडी ओढायला जातो, गप्पा मारतो, खाडे करतो, म्हणून तास लांब दिसले तरी खरे काम थोडेच असते. चार, तास कमी केले तर मजुरी कमी होईल आणि नुकसान त्याचेच. पाच, सज्ञान माणूस स्वतःच्या खुशीने किती तास काम करतो यात सरकारने पडू नये. सहा, कायदा करायचाच तर फक्त मुंबईपुरता नको, साऱ्या हिंदुस्थानाला लावा, नाहीतर धंदा दुसरीकडे जाईल. आणि सातवा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: कामगाराची स्वतःची तक्रारच नाही.

यातले काही मुद्दे निव्वळ सबबी नव्हत्या. पहिला तर बराचसा खराच होता. सहाव्यातही तथ्य होते, कारण एकट्या मुंबईवर बंधन आले असते तर इतर ठिकाणच्या गिरण्यांना आयता फायदा झाला असता. तिसरा मुद्दा मात्र उलटा फिरतो. चौदा तास उभा राहणारा माणूस मध्येच बाहेर जाऊन बसतो, कारण त्याचे पाय चौदा तास चालत नाहीत. तास लांब असतात म्हणून तो रेंगाळतो. तो रेंगाळतो म्हणून तास लांब ठेवायचे, हा हिशेब कधीच संपणारा नव्हता.

आपली राष्ट्रीय वृत्तीची वर्तमानपत्रे या भांडणात बहुतेक मालकांच्या बाजूने उभी राहिली, हे आज वाचताना अवघड वाटते. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने १८७५ साली असा सूर लावला की उगवता उद्योग कोसळण्यापेक्षा कामगारांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले परवडले. लिहिणारे वाईट लोक नव्हते. पारतंत्र्यात एक स्वदेशी धंदा उभा राहतो आहे आणि परका राज्यकर्ता आपल्या भाऊबंदांच्या सांगण्यावरून त्याला जखडू पाहतो आहे, एवढेच त्यांना दिसत होते. अपवाद म्हणून पुण्याच्या 'मराठा'चे नाव घ्यावे लागते. आगरकरांच्या विचारांचा प्रभाव असलेल्या त्या काळात या पत्राने कामगारांची बाजू घेतली आणि मालकांनी सवलती द्याव्यात असे म्हटले. कायदा कुणाच्या सांगण्यावरून येतो आहे आणि कामगार थकला आहे की नाही, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हे फार थोड्यांच्या लक्षात आले होते.

पहिला कायदा आणि त्याची भोके

मुंबईतही एक माणूस असा निघाला की ज्याला मँचेस्टरशी काही देणेघेणे नव्हते. सोराबजी शापूरजी बंगाली. पारशी समाजातले सुधारक आणि मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद. त्यांनी १८७८ साली स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला. मुंबई सरकारने तो मांडायला परवानगी दिली नाही. तेव्हा त्यांनी तो विलायतेला धाडला आणि तिथे त्याची चर्चा झाली. स्वदेशी मालकांच्या दृष्टीने ही फितुरीच होती.

अखेर १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. वाजतगाजत आलेल्या या कायद्यात होते काय? शंभर किंवा त्याहून अधिक माणसे आणि यांत्रिक शक्ती असलेल्या कारखान्यांनाच तो लागू. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, त्यात तासाभराची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. बस्स. मोठ्या माणसांबद्दल एक अक्षर नाही. बायकांबद्दलही नाही.

वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने यातून पूर्ण सुटले. म्हणजे आपल्या खानदेशातली जिनिंग-प्रेसिंगची कापसाची कारखानदारी सुटली. तिथले काम हंगामापुरते, पण हंगामात कसे? पुढच्या चौकशीत खुद्द व्यवस्थापकाच्या तोंडून जे बाहेर आले ते असे: पहाटे चार-पाचला सुरू झालेले काम रात्री दहापर्यंत चालायचे. घाईच्या वेळी तीच माणसे, त्यांत बायकाही, आठ-आठ दिवस जवळजवळ रात्रंदिवस राबायची आणि गळून जायची. कायद्याच्या कागदावर यातले काहीच गुन्हा नव्हते.

पाच हजार पाचशे सह्या

आता सातव्या मुद्द्याकडे येऊ. कामगाराची तक्रार नाही, हे कुणी ठरवले? आयोगाने मालकांना विचारले, व्यवस्थापकांना विचारले, डॉक्टरांना विचारले. कामगाराच्या वतीने बोलायला कुणी नव्हते.

ते काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. जन्म १८४८, ठाण्याचे, फुलमाळी समाजातले. शिक्षण फार नाही. आधी टपाल आणि रेल्वेची छोटी नोकरी, मग मांडवीतल्या एका गिरणीत भांडारपाल. म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र १८८० पासून लोखंडे यांनी मुंबईतून चालवले. आणि गिरणीतल्या माणसाचे म्हणणे पहिल्यांदा मराठीत छापले जाऊ लागले.

इथे बडोदेकर म्हणून आपण थोडे थांबले पाहिजे. याच सुमारास, १८८३ साली, फुले बडोद्याला आले होते आणि 'शेतकऱ्याचा असूड' मधला भाग त्यांनी सयाजीराव महाराजांना वाचून दाखवला होता. याच चळवळीतले दामोदर सावळाराम यंदे यांनी बडोद्यातून 'बडोदावत्सल' हे पत्र काढले. परळच्या चाळी आणि आपल्या शहरातले मराठी घर यांच्यात तेव्हा वाटते तितके अंतर नव्हते.

मुंबई सरकारने १८८४ साली दुसरा आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी संधी साधली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरली आणि तीन दिवसांनी आणखी एक. आयोगाला द्यायच्या अर्जावर पाच हजार पाचशे कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या पाच. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटाची सोय.

या मागण्या आज वाचल्या की मन गलबलते. इतके थोडे मागितले होते! आठ तास नाहीत, दहा नाहीत. सूर्यास्त झाला की सोडा, एवढेच. 'कामगाराची तक्रार नाही' हे वाक्य मात्र त्या दिवसानंतर कुणालाही प्रामाणिकपणे उच्चारता येण्यासारखे राहिले नाही.

मालक लगेच नमले असे नाही. आणखी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० साली, हजारो पुरुषांसमोर! रविवारच्या सुट्टीचा अर्ज मालकांच्या संघटनेकडे गेला आणि १० जून १८९० रोजी संघटनेने ती मागणी मान्य केली.

आपल्या शहरात टी. के. गज्जर यांच्या देखरेखीखाली कलाभवन सुरू झाले तेही याच १८९० मध्ये. एकीकडे रंगकाम, विणकाम, यंत्रकाम शिकलेला कारागीर घडवायला सुरुवात आणि दुसरीकडे त्या कारागिराला आठवड्यातला एक दिवस स्वतःचा. या दोन गोष्टी एका वर्षात घडल्या हा योगायोग, पण मला तो आवडतो.

पुढे १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती देशभरच्या कारखान्यांना लागू केली. कायद्याची कक्षा पन्नास माणसांच्या कारखान्यापर्यंत आली, बायकांना अकरा तासांची मर्यादा आली, मुलांचे किमान वय नऊ झाले. लोखंडे यांनी पुढची लढाई पाहिली नाही. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा ते रोग्यांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. वय पन्नाशीच्या आतच.

विजेचा दिवा आला आणि सूर्य मावळेनासा झाला

१८९१ च्या कायद्यातही सज्ञान पुरुषाच्या तासांना मर्यादा नव्हती. ती असण्याची तशी गरज भासली नाही, कारण सूर्य मावळतच होता. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत वीज आली. १९०५ च्या तेजीत मुंबईच्या काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. मालकांपैकी काहींना हे पटत नव्हते, आपसात बारा तासांचा करार करण्याचे प्रयत्नही झाले. पण एकाने दिवा चालू ठेवला की शेजारच्याला विझवणे परवडत नाही. सज्जन मालकालाही कायद्याची गरज का असते, याचे हे उत्तम उदाहरण.

सरकारने पुन्हा आयोग नेमला. त्यातल्या बहुमताने पुन्हा सांगितले की सज्ञान पुरुषांच्या तासांवर थेट बंधन नको. एका सभासदाने भिन्न मत नोंदवले. ते मद्रासचे डॉ. टी. एम. नायर. ते वैद्य होते, हिशेब शरीराचा करत होते. पुरुषांनाही बारा तासांची मर्यादा हवी असे त्यांनी लिहिले. १९११ च्या कायद्यात कापडगिरण्यांपुरती का होईना, तीच मर्यादा आली. बहुमताचे मत बाजूला पडले आणि एकट्याचे टिकले.

याच दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. वर्षाला एक दिवस, असा साधा हिशेब. गोळीबार झाला, माणसे मेली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या कामगाराच्या थकव्याचा प्रश्न राष्ट्रीय पत्रांना परक्यांचे कारस्थान वाटला होता, तोच कामगार राष्ट्राच्या पुढाऱ्यासाठी पगार बुडवून रस्त्यावर आला. आपण टिळकांनी सार्वजनिक केलेला उत्सव करतो, तेव्हा ही आठवण गणपतीपुढे ठेवायला हवी.

संस्थान आणि सीमा

आपल्या बडोद्याचे काय? सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीच्या वर्षांतच दरबारच्या खर्चाने इथे कापडाची गिरणी उभी राहिली. १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिकचा पाया घातला, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. महाराजांना उद्योग हवे होते आणि त्यांनी ते आणले.

पण ब्रिटिश हिंदुस्थानचा कारखाना कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. बडोद्याने स्वतःचा कायदा केला, तरी सगळीच संस्थाने तशी नव्हती. त्यामुळे १८७५ चा सहावा मुद्दा पुन्हा पुढे आला. "आमच्याकडे तास कमी कराल तर गिरण्या संस्थानांच्या हद्दीत जातील," असे ब्रिटिश मुलखातले मालक म्हणत. परदेशातही हेच. जपानी गिरण्यांत बायका रात्रपाळीला राबतात, त्यांच्याशी आम्ही टक्कर कशी द्यायची, हे गाऱ्हाणे १९२० नंतर सतत ऐकू येई, आणि ते खोटे नव्हते.

याला तोड एकच होती: नियम सगळ्यांना सारखा. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने गेले ते आपले ना. म. जोशी. जगासाठी आठवड्याला ४८ तास ठरले, हिंदुस्थानला सवलत म्हणून ६०. इकडे जानेवारी १९२० च्या मोठ्या संपानंतर मुंबईत दहा तासांचा दिवस आला. गंमत म्हणजे हीच मर्यादा कायद्याने साऱ्या देशाला लावा, असे आता मुंबईचे मालकच सरकारला सांगत होते. १९२२ च्या कायद्याने दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास केले. १९३४ मध्ये १० आणि ५४.

आणि १९४६ मध्ये ९ आणि ४८. त्या वेळी केंद्र सरकारात मजूर खाते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून १९१७ मध्ये ते याच शहरात नोकरीला आले होते. जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. शेवटी कमाटीबागेतल्या झाडाखाली बसून त्यांना रडू आले, ते ठिकाण आपण सगळे जाणतो. या शहराने ज्याला आसरा दिला नाही, त्याच्याच हाताखालच्या खात्याने कारखान्यातल्या माणसाला दिवसाचे काही तास परत दिले. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याने हीच मर्यादा कायम केली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला.

पुन्हा बारा

आता आजच्या दिवसापर्यंत येतो. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या काळात आपल्या राज्यात अधिसूचना निघाली. कारखान्यांत दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२ तास काम घेता येईल, आणि जादा तासांना दुप्पट नव्हे, साधाच दर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातल्या जादा कामाचे पैसे कायद्याच्या दुप्पट दराने द्यायला सांगितले.

२०२५ साली १ जुलैला नवा वटहुकूम आला. तो २०२० सारखा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. आठवड्याचे ४८ तास त्यात कायम राहिले. दिवसाची मर्यादा विश्रांतीसह बारा तासांपर्यंत नेता येईल, कामगाराची लेखी संमती हवी, असे त्यात होते. तीन महिन्यांत जास्तीत जास्त ७५ तास जादा काम घेता येत असे, ते त्याने १२५ पर्यंत नेले. बाजूने बोलणारे म्हणत की चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी मिळेल, उद्योग येतील, ज्याला जास्त कमवायचे तो कमवेल. विरोधात बोलणारे म्हणत की चार दिवसांचे पाच आणि पाचाचे सहा व्हायला वेळ लागत नाही.

सरकारी नोकराने यावर मत देणे बरोबर नाही आणि मी देतही नाही. पण इतिहास वाचलेल्या माणसाला एक शब्द खटकल्याशिवाय राहत नाही, तो म्हणजे 'संमती'. १८७५ मध्येही सांगितले जात होते की कामगार खुशीने येतो, त्याची तक्रार नाही. नोकरी एकाच्या हातात आणि गरज दुसऱ्याच्या घरात असते, तेव्हा कागदावरची सही म्हणजे काय हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. सुपारीबागेतल्या पाच हजार पाचशे सह्या वेगळ्या होत्या. त्या एकेकट्याकडून दाराशी घेतलेल्या नव्हत्या, एकत्र बसून, बोलून केलेल्या होत्या.

म्हणून मी त्या मुलाला तालमीनंतर बाजूला घेऊन विचारले, "तुला स्वतःला काय हवे?" तो जरा हसला. म्हणाला, "काका, ओव्हरटाइमचे पैसे हवेत. गाडीचा हप्ता आहे, बहिणीचे कॉलेज आहे. पण रोज बारा नको. दोन-तीन दिवस चालेल. आणि किती तास भरले ते नीट लिहिलेले असावे. कधी धरतात, कधी नाही." बोलताना त्याने दोनदा जांभई दिली.

एवढे साधे आणि नेमके उत्तर कुठल्या अहवालात सापडणार? पैसे हवेत, पण अंगाला झेपेल इतके काम हवे, आणि हिशेब खरा हवा. लोखंडे यांच्या पाच मागण्यांचा अर्थ तरी याहून वेगळा काय होता? जिथे जिथे तासांचा कायदा टिकला, तिथे आधी कुणीतरी कामगाराला विचारले होते आणि त्याने सांगितलेले लिहून घेतले होते. जिथे त्याला सोडून सगळ्यांना विचारले, तिथे "गरज नाही" असाच निकाल आला.

आपल्या मंडळात पिढ्यानपिढ्यांची घरे आहेत. कुणाचे आजोबा दरबारच्या नोकरीत, कुणाचे गिरणीत, कुणाचे वडील अलेम्बिकमध्ये. आज आपल्यातच कारखाना चालवणारेही आहेत आणि कारखान्यात जाणारेही. आरतीला दोघे शेजारी उभे राहतात. यंदा प्रसाद घेताना दोघांनी एकमेकांना एवढेच विचारावे, की बाबा, किती तास होतात तुझे? विचारायला कायदा लागत नाही.

एकांकिकेच्या तालमी आता आपण कायमच्या रविवारी ठेवल्या आहेत. प्रयोग पाचव्या दिवशी रात्री आहे. त्या मुलाने रजा टाकली आहे आणि ती मंजूर झाली आहे. जरूर या. गणपती बाप्पा मोरया!